उखर्डूला उठवायचं कसं

"...पण बाई, लोक उठतात कसे?"

यशोधननं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा एस्तेरबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा दाणे खात होत्या. आता पदरातली टरफलं खिडकीबाहेर झटकत होत्या.

"कुठून उठतात?"

"खुर्चीवरून. नाचायला."

"गुडघ्यावर हात टेकून," बाई म्हणाल्या. "माझ्या वयाचे असले तर कुणीतरी हाताला धरावं लागतं."

यशोधननं डोळे मिटले. नाशिकहून भुसावळपर्यंत पोरगा उभ्यानं आला होता, तो हे ऐकायला नव्हे.

पोरगा म्हणजे कसा? सव्वीस वर्षांचा. मान ताठ, शर्टाची इस्त्री मानेहून ताठ. पियानोच्या आठही परीक्षा पास. आठही कागद काचेच्या चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलेले, म्हणजे पाहुणा पाणी पिताना एकतरी वाचणारच. बोटं अशी पळायची की बघणाऱ्याला धाप लागावी.

आणि वाजवायचा काय? रॉक अँड रोल. ज्यावर मेलेलं माणूससुद्धा चादर फेकून उठावं, असं म्हणतात.

पण याच्यापुढं जिवंत माणसं उठत नव्हती.

नाशकात वाजवलं, लोक जेवत राहिले. पुण्यात वाजवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बसून. सिन्नरला एका लग्नात वाजवलं, तिथं एक बाई उठली. यशोधनचा जीव सुपाएवढा झाला. बाई पंखा लावून परत बसली.

उद्या शनिवार. दुपारी चारला भुसावळच्या या जुन्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये रिटायर झालेल्या रेल्वेवाल्यांचा मेळावा. पियानोवर यशोधन.

घरातून निघताना त्यानं आईला सांगितलं होतं, "उद्या एकही माणूस उठला नाही ना, तर पियानोचं झाकण कायमचं बंद. सोमवारपासून मामाच्या टाईल्सच्या दुकानात बसेन."

आई म्हणाली, "बरं." आईला दोन्ही चाललं असतं.

पण यशोधनला चाललं नसतं.

म्हणून तो एक दिवस आधी आला, एस्तेरबाईंना गाठायला.

एस्तेरबाई कोण, हे भुसावळच्या रेल्वे कॉलनीत कुणी विचारत नाही. बाहेरचे विचारतात, त्यांच्यासाठी सांगायचं.

एस्तेर हिवाळे. बाप लोकोशेडमध्ये फिटर, आई दवाखान्यात नर्स. नऊ वर्षांची असल्यापासून पोर रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. पाय पोचायचे नाहीत, म्हणून बापानं पेटीच्या पायट्यांवर लाकडाचे ठोकळे ठोकून दिले होते.

सत्तावन्न साली एका अँग्लो इंडियन ड्रायव्हरनं मुंबईहून रॉक अँड रोलची एक तबकडी आणली. एस्तेरनं ती दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकायच्या आत सुई मोडली. मग तिसऱ्यांदा तिनं स्वतःच वाजवली, याच हॉलमध्ये, याच पियानोवर.

तोवर इथं काय चालायचं? माणसं एकमेकांना लोणच्याच्या बरणीसारखी धरून नाचायची. जपून. हळू.

त्या शनिवारी बरण्या फुटल्या. टायवाले नाचले, बिनटायवाले नाचले, चहा द्यायला आलेला आचारी किटली घेऊन नाचला. एस्तेर पांढऱ्या साडीत, पदर खोचून, उभ्यानं वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी बोलावलं. चार पंच बसलेले.

"एस्तेर, ज्या बोटांनी देवाची गाणी वाजवतेस, त्याच बोटांनी हे?"

"होय पाळकसाहेब," पोर म्हणाली. "त्यानं दुसरी दिलीच नाहीत."

पुढं मुंबई. सात वर्षं हॉटेलं, सात वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगचे स्टुडिओ. पडद्यावर नट पियानोवर हात फिरवायचा, आवाज एस्तेरच्या हाताचा. नाव कुठंच नाही. मग आई आजारी पडली, ती भुसावळला आली, ती राहिलीच. कॉलनीतल्या पोरांना शिकवलं. ती पोरं मनमाडला गेली, नागपूरला गेली, जबलपूरला गेली, त्यांनी आणखी पोरांना शिकवलं.

आणि नुसते पियानोवाले नाहीत हां. जळगावकडचे बँडवाले नवरदेवाच्या घोड्यापुढं वाजवताना मध्येच एक उडी घेतात, ती एस्तेरच्या डाव्या हाताची. विचारलं तर म्हणतात, आमच्या वडिलांपासून असंच आहे. वडील इन्स्टिट्यूटच्या खिडकीला लटकून ऐकायचे, हे त्यांना ठाऊक नाही.

आता बाईंचं वय पंच्याऐंशीच्या पुढं. नक्की आकडा बाई रोज बदलतात. उजवा हात दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून मोडला, तो आता वळत नाही. डावा मात्र अजून खट्याळ.

तर अशा बाईंपुढं यशोधन उभा.

"बाई, मी भुसावळ घराण्याचा आहे."

"असं? मला कुणी कळवलं नाही."

"नागपूरचे लॉरेन्ससर तुमचे शिष्य. मी त्यांचा शिष्य. म्हणजे मी तुमचा नातशिष्य लागतो."

बाई खुदकन हसल्या. "बघ रे उखर्डू. लग्न न करता नातू झाला मला."

उखर्डू म्हणजे हॉलचा रखवालदार. दाराशी स्टुलावर बसलेला. झाडून झालं होतं, खुर्च्या लावून झाल्या होत्या, आता तो तळहातावर तंबाखू घेऊन बसला होता. त्याला पन्नास वर्षं झाली या दाराशी बसून. नाच किती बघितले त्याचा हिशेब नाही, पण स्वतःचा पाय त्यानं कधी हलू दिला नाही. तोंड असं, की जणू सगळ्या गाड्या त्याच्यामुळंच उशिरा येतात.

"नातू ताठ आहे," उखर्डू म्हणाला.

यशोधननं ते ऐकलंच नाही असं केलं. पिशवी उघडली. मखमलीच्या कापडातून एक गोल आरसा काढला. चांदीसारखी चौकट, मागं उभं राहायला पाय. भिंतीला टेकलेल्या पियानोवर ठेवला. जरा डावीकडं केला, जरा उजवीकडं केला, आणि त्यात बघून केसांवरून हात फिरवला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

यशोधन चकित झाला. "आरसा, बाई. तुमचा आरसा! घराण्याची खूण."

"माझा?"

"लॉरेन्ससर म्हणायचे, आरशाशिवाय भुसावळ घराणं नाही. तेही ठेवायचे. मनमाडचे डिमेलोसर ठेवायचे. जबलपूरचे तर दोन ठेवतात."

"दोन कशाला?"

"चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून."

एस्तेरबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. उखर्डूनं इतक्या जोरात फुस्स केलं की तळहातावरची तंबाखू उडाली. त्याला पुन्हा डबी काढावी लागली.

"आणि यात बघायचं काय असतं म्हणे?" बाई.

"स्वतःला. मान ताठ आहे ना, बोटं नीट पडतायत ना, चेहरा प्रसन्न आहे ना. कलाकारानं स्वतःवरची नजर काढू नये. एस्तेरबाईंचा नियम. लॉरेन्ससरांनी वहीत लिहून दिलाय."

"माझा नियम..." बाईंनी डोळे पुसले. "लॉरेन्स! केस फार होते त्याला. तरी वाटायचंच मला..."

आरसा बाईंनी खरंच ठेवला होता. न्हाव्याचा, कोपरा फुटलेला. तो बघून कॉलनी त्यांना नटवी म्हणायची. पोर वाजवता वाजवता आपलंच रूप बघते म्हणायची. एस्तेरनं कधी खुलासा केला नाही. उलट पुढच्या शनिवारी कानात खांद्यापर्यंतचे डूल घालून आली. घ्या, म्हणाली, नीट नावं ठेवा.

"बरं," बाई आता म्हणाल्या. "वाजव."

यशोधन हॉलकडं पाठ करून बसला. मान ताठ. आरशात एकदा बघितलं. आणि सुरू झाला.

काय वाजवलं हो पोरानं! उजवा हात वर धावतोय, डावा खाली उड्या मारतोय, मध्येच कोपरानं पट्ट्या दाबल्या, मध्येच टाच मारली. एक सूर चुकला नाही. शेवटी दोन्ही हात हवेत.

हॉलमध्ये एक माशी गुणगुणत होती.

"काका," यशोधननं उखर्डूला विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलंय की. लई बोटं चालतात तुमची."

"नाचावंसं वाटलं?"

"कुणाला?"

"तुम्हाला."

उखर्डूनं त्याच्याकडं असं बघितलं, की जणू त्यानं फुकटात फर्स्ट क्लासचं तिकीट मागितलं. "माझा गुडघा दुखतो."

"उद्याचे सगळे असलेच आहेत," बाई म्हणाल्या. "गुडघेवाले. तू विचारत होतास ना, लोक उठतात कसे?"

"हो."

"लोकांचं मला माहीत नाही. या एकाला उठव."

"मी उठत नसतो," उखर्डू म्हणाला.

"बघ. तोही तयार आहे."

यशोधननं बाह्या सरसावल्या. पुन्हा वाजवलं, जास्त जोरात. उखर्डू बसलेला. पुन्हा वाजवलं, जास्त वेगात. उखर्डूनं करंगळी कानात घालून हलवली. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा खिडकीची काच थरथरली, बाहेरचं कुत्रं उठून दुसऱ्या सावलीत गेलं.

"कुत्रं उठलं," उखर्डूनं कळवलं.

यशोधनच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्याला आला. हात मांडीवर पडले.

"नाही होत बाई..." आवाज एकदम लहान पोरासारखा. "मला सगळं येतं. सगळं. आणि कुणी उठत नाही. मला टाईल्स विकायच्या नाहीत हो..."

बाई उठल्या. हळूहळू पियानोपाशी आल्या. डाव्या हाताचं एक बोट पुढं केलं, आणि आरसा जरासा ढकलला. चार बोटं. जास्त नाही.

"आता काय दिसतं?"

यशोधननं बघितलं. "दार... स्टूल... उखर्डूकाका दिसतात."

"मग झालं की."

"पण बाई, मी दिसत नाही."

"काही बिघडत नाही. आम्हाला दिसतोस."

यशोधन आरशाकडं बघत राहिला. मग हात उचलले, आता याला हलवतोच अशा आवेशात.

बाईंनी त्याच्या मनगटावर टिचकी मारली.

"उठवू नको त्याला."

"तुम्हीच तर म्हणालात उठव!"

"म्हणाले. आता म्हणते उठवू नको. बघ त्याच्याकडं."

"आणि वाजवू काय?"

"तो काय करतोय?"

"काही नाही. बसलाय. तंबाखू मळतोय."

"मग तेच."

यशोधनला वाटलं, बाई थट्टा करतायत. बाई थट्टाच करत होत्या, पण बाईंची थट्टा नेहमी खरी असते.

तो आरशात बघायला लागला. उखर्डूचा अंगठा तळहातावर फिरत होता. घस, घस. मग दुसऱ्या हाताची थाप. चुना उडाला. पुन्हा घस, घस. पुन्हा थाप.

घस... थप. घस... थप.

यशोधनचा डावा हात पट्ट्यांवर आला. दोनच सूर. एक खाली, घस. एक वर, थप.

परीक्षेच्या पहिल्या इयत्तेलाही इतकं सोपं वाजवत नाहीत. त्याला लाज वाटली. पण आरशातला अंगठा फिरतच होता, आणि हात त्याच्यामागं चाललाच होता.

घस, थप. घस, थप.

उखर्डूच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आलं, तेव्हा त्यानं भुवई वर केली. म्हातारा वस्ताद. त्यानं अंगठा फिरवला, थाप मारायला हात उचलला... आणि तसाच हवेत ठेवला.

यशोधनचं वरचं बोट हवेत थांबलं.

उखर्डू थांबलेला. यशोधन थांबलेला. माशीसुद्धा थांबली असावी.

...

थप!

बोट त्याच क्षणी पडलं. यशोधनच्या तोंडातून हसू फुटलं. असं हसू, की त्याचा आवाज त्यालाच नवीन.

"लबाड!" तो आरशाला म्हणाला.

उखर्डूनं आता दोन थापा मारल्या. यशोधननं दोन सूर टाकले. उखर्डूनं तीन मारल्या. यशोधननं तीन टाकले, आणि वर एक चौथा आपल्या मनचा जोडला. उखर्डूनं तो चौथा तिकडून परत केला, स्टुलाच्या पायावर टाच मारून.

टाच एकदा मारली की पाय कुठं ऐकतो? दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा. गुडघा, जो दुखत होता तोच, वरखाली व्हायला लागला. उजवा हात यशोधननं मुद्दाम आणलाच नाही, तो आपणहून आला, गुडघ्याच्या मागोमाग.

उखर्डू उठला.

"बाई!" यशोधन किंचाळला. "बाई, उठले! काका उठले!"

"थुंकायला चाललोय," उखर्डू म्हणाला.

गेला. दाराबाहेर मोरीत पिंक टाकली. परत आला.

पण येताना कसा आला! एक पाऊल घस, एक पाऊल थप. कंबर एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला. पन्नास वर्षं दाराशी बसलेला रखवालदार, हातात चुन्याची डबी, स्टुलापर्यंत सहा पावलांचं अंतर, ते त्यानं वीस पावलांत केलं.

"काय रे उखर्डू," बाई म्हणाल्या, "हे काय?"

"काय म्हणजे? चालत येतोय."

आणि बसला. तोंड पुन्हा तसंच, उशिरा येणाऱ्या गाड्यांचं.

यशोधन बाईंच्या पायाशी वाकला. बाईंनी पाय मागं घेतले.

"उद्या बघू," म्हणाल्या. "आज एकच उठलाय. तोही नाही म्हणतोय."

शनिवार. दुपारचे चार.

साठेक माणसं. गार्ड, ड्रायव्हर, टीसी, नर्सा, रेल्वे शाळेच्या मास्तरणी. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कानात यंत्र, एकाचं चार पायांचं वॉकर. बटाटेवडे आणि चहा आला होता. माणसं वीस वर्षांनी भेटत होती आणि एकमेकांना दुखणी सांगत होती. एस्तेरबाई खिडकीपाशी, फुलाफुलांच्या साडीत, पाय हलवत. उखर्डू दाराशी.

यशोधननं आरसा ठेवला. लोकांकडं वळवला. बसला.

आणि बघा माणसाचा स्वभाव! आरशात साठ माणसं दिसली, आणि पोराची मान पुन्हा ताठ झाली. काल दोन सुरांत मिळालं ते विसरला. मनात म्हणाला, एवढ्या लोकांपुढं काय तंबाखू मळायची? आपलं सगळ्यात भारी काढलं. बोटं पळाली, कोपर पडलं, टाच लागली.

लोक वडे खात राहिले.

कुणीतरी म्हणालं, "छान वाजवतो हं." आणि चटणी मागितली.

यशोधनच्या कानशिलाशी घाम आला. डोळ्यांपुढं टाईल्स. बाथरूमच्या टाईल्स, स्वयंपाकघराच्या टाईल्स, मामा म्हणतोय, ही डिझाईन नवीन आहे...

त्यानं मध्येच हात उचलला. थांबला.

हॉल एकदम गप्प. माणसं वळली. काय झालं? वीज गेली? पण पियानोला कुठली वीज.

यशोधननं आरशात बघितलं.

तिसऱ्या रांगेत मिसेस पिंटो. रेल्वे शाळेच्या जुन्या हेडमिस्ट्रेस, नव्वदीच्या. त्यांच्या चहात साखर नव्हती. कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून त्या चमच्यानं बशीवर वाजवत होत्या. टिक टिक, टिक. टिक टिक, टिक. शाळा भरल्यासारखं.

यशोधनचा डावा हात खाली आला. टिक टिक, टिक.

मिसेस पिंटोंनी चष्मा वर केला. पियानोकडं बघितलं. परत वाजवलं, जरा दटावून. टिक टिक, टिक!

टिक टिक, टिक, पियानो म्हणाला. चुकलो बाई, म्हणाला.

मागून कुणीतरी हसलं. मिसेस पिंटोंनी चमचा सोडला नाही. त्यांच्या शेजारचे गार्ड वानखेडे बशीवर बोटं आपटायला लागले. यशोधननं ती बोटं घेतली. कुणाचं तरी वॉकर फरशीवर ठक्क झालं, यशोधननं तेही घेतलं. त्याची नजर आता आरशातून हटत नव्हती. तो बघत होता आणि हात धावत होते. हात कसे पडतायत हे विचारायला त्याला सवड नव्हती.

वानखेडे उठले.

"चटणी आणतो," बायकोला म्हणाले.

चटणी उजवीकडं होती. वानखेडे डावीकडं गेले, मग मागं, मग गोल. हातातली बशी डोक्याच्या वर.

"अहो!" बायको ओरडली, "गुडघा!" आणि त्यांना आणायला म्हणून उठली. ती परत बसली नाही.

मग दोन नर्सा उठल्या, एकमेकींना उठवत. मग ड्रायव्हर सावदेकर, ज्यांनी आयुष्यभर गाडी रुळावरून कधी उतरवली नाही, ते टेबलाला धडकले आणि टेबलाचीच माफी मागून पुढं सरकले. वॉकरवाल्यानं वॉकरला मिठी मारली आणि दोघं डुलायला लागले. वड्याची ताटं खुर्च्यांवर गेली, खुर्च्या भिंतीकडं गेल्या. मिसेस पिंटो चमचा घेऊन मधोमध उभ्या, पूर्वी पोरांना रांगेत लावायच्या तशा सगळ्यांना हातवारे करत, आणि रांग काही लागत नव्हती.

दारात उखर्डू उभा होता. हॉलवर लक्ष ठेवायला, असं नंतर म्हणाला. पण लक्ष ठेवणाऱ्या माणसाची कंबर इतकी कुठं हलते?

यशोधन आरशात एकेक खुर्ची शोधत होता. रिकामी. रिकामी. ती कोपऱ्यातली... रिकामी. खिडकीपाशी फुलाफुलांची साडी होती, तीही आता नव्हती. त्याला हसू आवरेना.

"बाई!" तो गर्दीवरून ओरडला. "बाई, कुठं आहात? उठले! सगळे उठले हो! एकूण एक!"

"ओरडतोस काय, बहिरी नाही मी."

बाई त्याच्या शेजारीच होत्या. कधी आल्या, देवाला ठाऊक. पदर खोचलेला. त्यांनी डावा हात त्याच्या डाव्या हाताच्या बाजूला पट्ट्यांवर टाकला, त्याचा ठोका धरला, आणि ठोका कधी त्याच्याकडून त्यांच्याकडं गेला हे नाचणाऱ्यांतल्या एकालाही कळलं नाही. कळलं ते इतकंच, की पायाखालची जमीन एकाएकी जरा जास्तच हलायला लागली.

मग बाईंनी कमरेनं यशोधनला एक धक्का दिला. पोरगा स्टुलाच्या टोकाला गेला, अर्धा वर, अर्धा हवेत.

"सगळे म्हणतोस," एस्तेरबाई म्हणाल्या, "मग तू का रे बसलायस?"